कर्ण जुळले, तरी काटकोन चुकला

वाचकांचे प्रश्न : काटकोन त्रिकोण आणि त्रिकोणमिती

या वेळच्या पत्रांत वहीतले प्रश्न कमी आणि बांधकामावरचे जास्त आहेत. उत्तरांतल्या आकड्यांच्या जागी तुमची मापं घालून ती पुन्हा करून पाहता येतील.

प्रश्न : २० फूट बाय ३० फूट घराची आखणी केली. गवंड्याने ३-४-५ लावून कोपरा काढला. समोरासमोरच्या बाजू बरोबर भरल्या, पण दोन कर्णांत ७ इंचांचा फरक येतोय. ३-४-५ चुकतं का? (संगमनेर)

३-४-५ चुकत नाही, त्या बाजूंच्या त्रिकोणात ३ आणि ४ मधला कोन काटकोनच असतो. चुकलंय ते पाचाचं माप, आणि तेही फार नाही, चार सूत, म्हणजे अर्धा इंच.

तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण घेतला की कर्ण ६० इंचांचा. तो अर्धा इंच लांब धरला गेला तर कोपरा ९० ऐवजी जवळजवळ ९१ अंशांचा होतो. तीन-चार फुटांत हा एक अंश कोणाच्याच नजरेत भरत नाही. पण त्याच रेघेत लाईनदोरी ३० फूट ताणली की टोकाशी सव्वासहा इंच वाकडेपणा साचतो. तुमच्या घराच्या मापात त्यामुळे एक कर्ण साडेतीन इंच वाढतो, दुसरा तेवढाच घटतो. फरक ७ इंच, म्हणजे तुम्ही मोजलात तोच.

म्हणून त्रिकोण जागेत मावेल तेवढा मोठा घ्यावा. ९-१२-१५ फुटांत तीच अर्ध्या इंचाची चूक झाली तर ३० फुटांवर दोन इंचच सरकतं. १२-१६-२० घेतलं तर दीड इंच. चूक टाळता येत नाही, पण तिला पसरायला कमी वाव देता येतो.

तुमच्या आखणीत तर ३-४-५ ची गरजच नाही. २० चा वर्ग ४००, ३० चा ९००, बेरीज १३००, तिचं वर्गमूळ ३६.०५६. म्हणजे कर्ण ३६ फूट ५ सुतांहून किंचित जास्त. ३० फुटांची रेघ पक्की करा. तिच्या एका खुंटीवरून एक टेप २० फूट, दुसऱ्या खुंटीवरून दुसरा टेप ३६ फूट ५ सूत ताणा. दोन्ही आकडे जिथे भेटतील तिथे तिसरी खुंटी. चौथी तशीच, उलट बाजूने. माप खुंटीच्या लाकडापासून घेऊ नका, डोक्यावर ठोकलेल्या खिळ्यापासून घ्या. खुंटी दीड इंच जाड असली की कधी आतून, कधी बाहेरून मोजलं जातं.

आता ठोकलेल्या खुंट्या दुरुस्त करायच्या असतील तर ३० फुटांची एक बाजू हलवू नका. समोरच्या दोन्ही खुंट्या एकत्र, त्याच रेघेत, लांब कर्ण आखडेल त्या दिशेने सरकवा. किती सरकवायच्या? कर्णांतला फरक गुणिले कर्णांची बेरीज, भागिले त्या बाजूची चौपट. ७ इंच × ७२.१ ÷ १२० = ४.२ इंच. एकाच खुंटीला ढकललंत तर समोरची बाजू २० किंवा ३० राहणार नाही.

यातली खरी फसगत मात्र उलटीकडून होते. बरेच जण कर्ण सारखे भरले की चुन्याची फक्की मारून मोकळे होतात. समजा पुढची भिंत ३० फूट आहे, मागची २९ फूट ६ इंच आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच आत आलेय. कर्ण तंतोतंत सारखे येतील, आणि चारांतला एकही कोपरा काटकोन नसेल. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि शिवाय कर्ण सारखे, या दोन्ही गोष्टी मिळाल्या तरच आयत. क्रमही तोच ठेवा, बाजू आधी, कर्ण मग.

उताराच्या जमिनीवर टेप जमिनीलगत धरला तर तुम्ही त्रिकोणाचा कर्ण मोजताय, त्याची आडवी बाजू नव्हे. २० फुटांत १ फूट उतार असेल तर आडवं अंतर ०.३ इंचाने कमी भरतं, ते सोडून द्या. कोकणातल्यासारखा २० फुटांत ४ फूट उतार असेल तर जवळजवळ ५ इंच जातात. तिथे टेप आडवा, पाण्याच्या नळीच्या पातळीत धरायचा आणि टोकाला ओळंबा सोडायचा.

प्रश्न : साइन ३० म्हणजे अर्धा, तर साइन ६० म्हणजे एक का नाही? आणि साइन हे नाव आपलं का नाही? (इयत्ता नववी, बार्शी)

दहा फुटांची शिडी जमिनीवर आडवी पडली आहे, तिचं एक टोक तू उचलतो आहेस असं समज. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की टोक ५ फुटांवर असतं. ६० अंशांना ८.६६ फुटांवर आणि ९० अंशांना १० फुटांवर. पहिल्या ३० अंशांत टोक ५ फूट चढलं, पुढच्या ३० मध्ये ३.६६ आणि शेवटच्या ३० मध्ये फक्त १.३४. कारण शिडी उभी होत आली की टोकाची हालचाल वर कमी आणि आडवी जास्त होते. साइन हे कोनाला गुणायचं माप नाही, दर कोनाला ‘संमुख (कोनासमोरची) बाजू भागिले कर्ण’ किती ते सांगणारी संख्या आहे. कोन दुप्पट झाला म्हणून ती दुप्पट होत नाही.

३० अंशांना बरोबर अर्धं का येतं ते कागद कापून बघ. ३०-६०-९० चे दोन सारखे त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवले की तिन्ही कोन ६० चे, म्हणजे समभुज त्रिकोण. त्याची एक बाजू दोघांच्या लहान बाजूंनी मिळून झालेली, म्हणून लहान बाजू कर्णाच्या निम्मी. कर्ण १० तर ती ५, आणि उरलेली बाजू १०० वजा २५ चं वर्गमूळ, ८.६६.

पाठ करायचंच असेल तर ०, ३०, ४५, ६०, ९० या कोनांच्या साइनसाठी √०, √१, √२, √३, √४ लिही आणि प्रत्येकाला दोनाने भाग. तीच रांग उलटी वाचलीस की कॉस, म्हणजे ‘लगतची बाजू भागिले कर्ण’. एक सांभाळ : संमुख आणि लगतची ही बाजूंची कायमची नावं नाहीत. त्याच त्रिकोणात दुसऱ्या लघुकोनावर जाऊन बसलास की दोघींची अदलाबदल होते. उत्तरपत्रिकेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.

नावाचं म्हणशील तर ते मुळात आपलंच. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ३ अंश ४५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने २४ ‘ज्या’ दिल्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. त्याने त्रिज्या ३४३८ धरली, कारण परिघाच्या २१,६०० कलांना ६.२८३२ ने भागलं की जवळजवळ तेवढंच येतं. त्याच्या मापात ३० अंशांची ज्या १७१९ येते, ३४३८ च्या निम्मी. ज्याला ‘जीवा’ही म्हणत. अरबीत ते ‘जीब’ झालं. तिथे स्वर लिहीत नसल्याने पुढे लोक तेच ‘जैब’ वाचू लागले, म्हणजे कपड्याची घडी, खिसा. हिंदीतली ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी घडीला त्यांचा शब्द दिला, ‘सायनस’. कॉसलाही आपल्याकडे शब्द होता, कोटिज्या, आणि तिचं आखूड रूप कोज्या.

प्रश्न : कॅल्क्युलेटरवर टॅन ६० दाबलं की ०.३२ येतं. वहीत १.७३ आहे. (पॉलिटेक्निक पहिलं वर्ष, नांदेड)

टॅन म्हणजे संमुख बाजू भागिले लगतची, आणि वहीतलं १.७३ बरोबर आहे. कॅल्क्युलेटर अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे. १.३८ आलं असतं तर तो ग्रेडियनमध्ये, म्हणजे काटकोनाचे शंभर भाग धरून मोजतोय असं समजायचं. रोज सुरुवातीला साइन ३० दाबायची सवय लावा. ०.५ आलं तर पुढे चला. रेडियनमध्ये उणे ०.९८८ येतं, ग्रेडियनमध्ये ०.४५४. काही मोबाईलवर बटणावर लिहिलेलं असतं ते चालू एकक नसतं, बटण दाबल्यावर येणारं असतं, त्यामुळे बटण वाचून ठरवू नका. एक्सेलमध्ये ही फलं कायम रेडियनच घेतात, म्हणून अंशांना आधी पायने (π) गुणून १८० ने भागायचं.

दुसरी गल्लत : टॅनवरचा उणे एक म्हणजे ‘कोन शोध’, ‘एक भागिले टॅन’ नव्हे.

प्रश्न : घराजवळचा माड तोडायचा आहे. पडला तर विजेच्या तारांपर्यंत पोचेल का, ते कळायला उंची हवी. माड पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे आहे, बुंध्यापर्यंत टेप जात नाही. (गुहागर)

आधी बुंध्यापर्यंत जाता येत असेल तेव्हाची रीत सांगतो, कारण तुमच्या अंगणातल्या इतर माडांना ती पुरेल. कंपासपेटीतला दोन बाजू सारख्या असलेला गुण्या घ्या. ४५ अंशांचा एक कोपरा डोळ्याशी, एक बाजू आडवी आणि दुसरी तुमच्यापासून लांबच्या टोकाला उभी. उभ्या बाजूला दोरा चिकटवून खाली नट बांधा. दोरा बाजूलगत लोंबला की गुण्या सरळ आहे. आता तिरप्या बाजूवरून बघत पुढेमागे व्हा. झावळ्या जिथून फुटतात ती जागा बरोबर रेघेत आली की थांबा. तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्याची उंची, ही माडाची उंची. डोळ्याची उंची विसरण्याइतकी सामान्य चूक दुसरी नाही.

पऱ्या आडवा असेल तर दोन ठिकाणांहून कोन घ्यावे लागतात. कोनमापकाच्या सरळ कडेला शहाळ्याची नळी चिकटपट्टीने लावा, मधल्या छिद्रातून नट बांधलेला दोरा सोडा. नळीतून शेंड्याकडे बघा, दोरा ज्या आकड्यावर थांबेल तो दुसऱ्याला वाचायला सांगा. त्या आकड्याचं ९० पासूनचं अंतर म्हणजे उन्नत कोन, आडव्या रेघेपासून वर बघण्याचा. नंतर माडापासून सरळ मागे, त्याच रेघेत, मोजून जा आणि पुन्हा कोन घ्या.

माडाची डोळ्यावरची उंची भागिले जवळच्या कोनाचा टॅन, हे जवळच्या जागेचं अंतर. तीच उंची भागिले लांबच्या कोनाचा टॅन, हे लांबच्या जागेचं. दोघांतला फरक तुम्ही मोजलेलाच आहे. उदाहरणार्थ जवळून ४५, तिथून १० मीटर मागे जाऊन ३० अंश आले. १ भागिले टॅन ३० म्हणजे १.७३२, १ भागिले टॅन ४५ म्हणजे १. फरक ०.७३२. १० भागिले ०.७३२ म्हणजे १३.६६ मीटर. डोळ्याची उंची १.५ धरली तर माड १५.२ मीटर.

पण या रीतीवर आंधळा विश्वास नको. तिथेच ३० ऐवजी ३१ वाचले गेले तर १३.६६ ऐवजी १५.०५ येतं, एका अंशात १.४ मीटर. जवळची जागा अशी निवडा की कोन ६० च्या आसपास येईल, लांबची ३० ला. मग त्याच एका अंशाची चूक ०.८५ मीटरवर येते. प्रत्येक कोन तीनदा घेऊन मधला धरा.

माड कललेला असतो हेही आहे. शेंडा तुमच्या बाजूला २ मीटर झुकला असेल आणि तुम्ही बुंध्यापर्यंतचं अंतर मोजलंत, तर ४५ च्या रीतीत सरळ २ मीटर जास्त येतात. कलाच्या आडव्या बाजूने मोजावं. शिवाय पडणारी लांबी उंचीएवढी नसते. कललेल्या माडाचं खोड हा कर्ण आहे, आणि त्यापुढे झावळ्यांचे आणखी ५ मीटर धरा. १५ मीटरच्या माडाला २० मीटर मोकळी जागा नसेल तर तो बुंध्यातून आडवा पाडू नये, वर चढून तुकड्यांनी उतरवावा. तारांजवळ तर वीज बंद करून घेतल्याशिवाय कोयता लावायचा नाही.

प्रश्न : पत्र्याचं छप्पर घालायचं आहे. फॅब्रिकेटर विचारतो अंश किती, गवंडी सांगतो फुटाला किती इंच, आणि कागदावर टक्के आहेत. (सावंतवाडी)

तिघेही एकच गोष्ट विचारताहेत. चढ भागिले आडवं अंतर, म्हणजे टॅन. फुटाला २ इंच म्हणजे बारात दोन, १६.७ टक्के, ९.५ अंश. लक्षात ठेवायचं एवढंच की टक्के आणि अंश सारखे नव्हेत. १५ टक्के म्हणजे साडेआठ अंश, आणि १५ अंश म्हणजे २६.८ टक्के. कागदावरचे १५ टक्के कोणी १५ अंश वाचले तर आढं जवळजवळ दुपटीने वर जाईल.

घर २० फूट रुंद, आढं मधोमध, उतार ३० अंश धरू. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आढ्यापर्यंत आडवे १० फूट. आढ्याचा चढ १० × टॅन ३० = ५.७७ फूट, म्हणजे ५ फूट सव्वानऊ इंच. इथे साइन लावून ५ फूट काढणारे भेटतात. साइन लावायचा तर १० हा कर्ण असायला हवा, आणि तुमचे १० फूट आडवे आहेत.

वासा किंवा पत्रा किती लांब? वळचण २ फूट हवी असेल तर आधी ठरवा, २ फूट आडवे की उतारावरचे. आडवे असतील तर १२ भागिले कॉस ३० = १३.८६ फूट. उतारावरचे असतील तर १० भागिले कॉस ३० अधिक २ = १३.५५ फूट. पावणेचार इंचांचा फरक आहे, आणि पत्रा कापून आल्यावर तो वाढवता येत नाही. भिंतीवर पागोळ्या पडायला नकोत हा हेतू असेल तर आडवंच माप महत्त्वाचं.

प्रश्न : जोतं दीड फूट आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार किती लांब? आणि शिडी भिंतीपासून किती अंतरावर? (दोन पत्रं, पुणे)

खुर्चीला बारास एक, म्हणजे १८ फूट. कोन पावणेपाच अंश. इतक्या थोड्या उतारात तिरपी लांबी १८ फूट पाऊण इंच येते, म्हणजे कर्ण आणि पाया एकच धरला तरी चालतं. शिडीला चारास एक, १२ फुटांवर टेकत असेल तर पाय ३ फुटांवर. कोन सुमारे ७६ अंश. जवळ घेतली तर मागे उलटते, लांब घेतली तर पाय सरकतो.

प्रश्न : भूमितीमध्याचं प्रमेय कुठे वापरतात? (इयत्ता दहावी, सोलापूर)
प्रश्न : चार फुटी दरवाजावर ८ इंच उंचीची कमान हवी आहे. सुतार त्रिज्या विचारतो. (वाई)

दोन पत्रं एकमेकांना उत्तर देतात.

कमान ज्या वर्तुळाचा तुकडा आहे ते वर्तुळ पूर्ण काढा. कमानीच्या माथ्यातून खाली उभा व्यास घ्या. दरवाजाची रुंदी म्हणजे जीवा, तिचं निम्मं २४ इंच. व्यासाची दोन टोकं कमानीच्या एका पायाशी जोडली की अर्धवर्तुळातला कोन म्हणून तिथे काटकोन होतो, आणि हे २४ इंच कर्णावर टाकलेला लंब ठरतात. लंबाने व्यासाचे दोन भाग केले, वरचा ८ इंच, खालचा उरलेला. भूमितीमध्याचं प्रमेय सांगतं की लंबाचा वर्ग म्हणजे कर्णाच्या दोन भागांचा गुणाकार, म्हणून २४ × २४ = ८ × खालचा भाग. ५७६ भागिले ८ म्हणजे ७२. व्यास ८०, त्रिज्या ४० इंच.

सुताराने काय करायचं : प्लायवर ४८ इंचांची रेघ, तिच्या मध्यातून खाली ३२ इंचांवर खिळा. तिथून ४० इंचांवर पेन्सिल फिरवली की कमान रेघेच्या दोन्ही टोकांतून जाते आणि मध्यावर ८ इंच वर येते. पडताळा घ्यायचा तर २४, ३२, ४० बघा : प्रत्येकाला ८ ने भागलं की ३-४-५.

कमानीची उंची नीट मोजा. ८ च्या जागी साडेसात धरली तर त्रिज्या ४२ च्या वर जाते, आणि कमानीचा माथा अर्धा इंच खाली राहतो. साच्यावर वाकवून ६ मिलिमीटरचा पत्रा किंवा प्लाय ठोकणार असाल तर फळीची त्रिज्या तेवढी कमी करा, कारण विटा बसतात त्या वरच्या अंगावर. आणि सुतळीने कमान ओढू नका, ती दर फेरीला निराळी ताणते. लाकडी पट्टीला ४० इंचांवर दोन छिद्रं पाडा, एकात खिळा, एकात पेन्सिल.